सुरकुत्या काढल्या की माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो, पुसल्या की ओळखू येत नाही: नेमकं कुठे चुकतं?

पेन्सिलने वयस्कर माणसांची व्यक्तिचित्रं काढणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ही अडचण येते, आणि एकदाच नाही, दर चित्राला येते. चेहऱ्याची ठेवण जमते, डोळे जमतात, नाक जमतं. मग कपाळावरच्या आठ्या आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या काढायला घेतो आणि पंधरा मिनिटांत समोर बसलेली सत्तर वर्षांची मावशी कागदावर नव्वदीची दिसू लागते. चेहऱ्यावर कुणीतरी ओरखडे काढल्यासारखं वाटतं. घाबरून खोडरबर हातात घेतो, कागदाच्या सुरळीने घासतो, सगळं गुळगुळीत होतं. आता ओरखडे नाहीत, पण मावशीही नाही. मेणाची बाहुली आहे.

मी अनेक वर्षं या दोन टोकांमध्ये हेलकावे खात होते. शिकायला येणाऱ्या मुलांच्या वह्यांतही हेच दिसतं. म्हणून जे सापडलं ते सविस्तर लिहिते आहे. सुरकुत्या ठेवायच्या की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता संपलेला आहे, ठेवायच्याच. त्या जिथल्या तिथे, जेवढ्या आहेत तेवढ्याच कशा ठेवायच्या, एवढाच प्रश्न आहे.

आधी एक छोटा प्रयोग करा, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. कोऱ्या कागदावर एचबी पेन्सिलने बोटभर लांबीची एक बारीक रेष ओढा. शेजारी त्याहून मऊ २बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिकट राखाडी पट्टा भरा आणि त्याच एचबीने, तेवढ्याच दाबाने, त्या पट्ट्यावर दुसरी रेष ओढा. पहिली रेष टोचते. दुसरी शांत बसते. रेष तीच, पण पहिलीच्या शेजारी कागदाचा पांढराशुभ्र रंग आहे आणि दुसरीच्या शेजारी त्वचेची छटा आहे. आपण बहुतेक जण चेहऱ्याची बाह्यरेषा काढून झाली की लगेच सुरकुत्यांकडे वळतो, कारण त्या खुणावत असतात आणि त्या काढल्या की चित्र पुढे गेल्यासारखं वाटतं. म्हणजे आपण सगळ्या सुरकुत्या पांढऱ्या कागदावर काढतो. मग ओरखडे दिसणारच.

तेव्हा पहिला उपाय क्रम बदलण्याचा. चेहऱ्यावर उजेड कुठून येतो ते पाहा आणि सावलीची बाजू एका सलग छटेने भरा: डोळ्याची खोबण, नाकाखालचा भाग, गालाचा खळगा, हनुवटीखालचा गळा. मग उजेडाच्या बाजूलाही अगदी पुसट छटा द्या. कागद कोरा ठेवायचा तो फक्त कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा, गालाचं हाड अशा दोन-तीन ठिकाणी. या अवस्थेत, एकही सुरकुती नसताना, चित्र सहा-सात फुटांवर ठेवून डोळे किलकिले करून पाहा. माणूस म्हातारा दिसायला हवा. आश्चर्य वाटेल, पण दिसतो. वय आधी चेहऱ्याच्या ठेवणीत दिसतं: कानशिलं आत जातात, डोळ्यांच्या खोबणीची कड वर येते, ओठ पातळ होतात, नाकाचा शेंडा खाली झुकतो, कानाच्या पाळ्या लांबतात. हे सगळं छटेने आलेलं असेल तर सुरकुत्यांवर वय दाखवायचं ओझं पडत नाही. ते आलेलं नसेल तर आपण सगळं वय रेषांतूनच काढू पाहतो, आणि तिथेच हात जड होतो.

आता सुरकुतीच. सुरकुती म्हणजे रेष असं आपल्या हाताला वाटतं, कारण लहानपणी कागदावर आजोबा काढताना आपण कपाळावर तीन आडव्या रेघा मारलेल्या असतात. जवळून पाहिलं तर ती नांगरलेल्या शेतातल्या सरीसारखी आहे. मध्ये दरी, दोन्ही बाजूंना वरंबे. उजेड डावीकडून येत असेल तर उभ्या सुरकुतीचा उजवा वरंबा उजळतो, कारण त्याचा उतार उजेडाकडे तोंड करून असतो, आणि डाव्या वरंब्याचा आतला उतार अंधारात जातो. म्हणजे तीन गोष्टी आहेत: एक मऊ गडद पट्टा, त्याच्या तळाशी एखाद्या ठिकाणी बारीक काळी फट, आणि पलीकडे उजेडाची किनार. यातली काळी फट आपण काढतो आणि बाकीच्या दोन सोडून देतो. खरं तर उजेडाची किनार काढली की अर्धी सुरकुती आपोआप उभी राहते. त्यासाठी मळता येणारा खोडरबर हवा. कणकेसारखा मळून त्याला चपटी धार काढायची आणि छटेवर नुसता टेकवून उचलायचा, घासायचा नाही. मी आता निम्म्या सुरकुत्या खोडरबरानेच काढते.

शिवाय कोणतीही सुरकुती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी नसते. मध्ये खोल, टोकांना त्वचेत विरून जाते. नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे येणारी घडी पाहा: नाकपुडीपाशी ती धारदार असते, गालावर येता येता नुसती सावली होते आणि कधी ओठांच्या बाजूला पुन्हा उगवते. ती एका दमात, एकाच जाडीने ओढली की गालावर दोरी चिकटवल्यासारखी दिसते. टोकं सोडून द्या. पेन्सिल उचलत न्या.

दिशेचं एक सूत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: सुरकुत्या साधारणपणे खालच्या स्नायूच्या तंतूंना काटकोनात पडतात. कपाळाचा स्नायू उभा ओढतो म्हणून आठ्या आडव्या. भुवयांच्या मधला स्नायू भुवया जवळ ओढतो म्हणून तिथल्या घड्या उभ्या. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल असतो म्हणून कडेच्या सुरकुत्या चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरतात. ओठांभोवतीचाही गोल, म्हणून म्हातारपणी वरच्या ओठावर बारीक उभ्या चुण्या येतात, बटव्याची दोरी आवळल्यासारख्या. अडलं तर समोरच्या माणसाला भुवया उंचावायला सांगा किंवा डोळे मिचकवायला सांगा. कुठली घडी कुठून निघते ते लगेच दिसतं. आणि या घड्या सपाट कागदावर नाहीत, कवटीच्या गोलाईवर आहेत, तेव्हा आठ्या कानशिलाकडे जाताना वळायलाच हव्यात.

रेषा वापरूच नयेत असं मात्र नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युररने १५१४च्या मार्चमध्ये आपल्या आईचं कोळशाने काढलेलं चित्र पाहा, ते बर्लिनच्या संग्रहात आहे. आई तेव्हा ६३ वर्षांची, आणि दोनच महिन्यांनी ती गेली. त्या चित्रात कपाळावर सरळसरळ रेषा आहेत, गळ्याच्या शिरा ताणलेल्या आहेत, गालफडं बसलेली आहेत. मुलाने काहीही लपवलेलं नाही. तरी ते ओरखडे वाटत नाहीत, कारण प्रत्येक रेष हाडावरून वळते आहे. मी ते चित्र मोठ्या छपाईत समोर ठेवून फक्त कपाळ चार वेळा उतरवून काढलं, आणि त्या चार कागदांतून जेवढं कळलं तेवढं वर्षभराच्या सरावातून कळलं नव्हतं.

हे सगळं करूनही चित्र वयाने पुढे जात असेल, तर दोष बहुतेक वेळा मोबाइलचा असतो. म्हणजे मोबाइलवर फोटो मोठा करून काढण्याचा. ही गोष्ट मला फार उशिरा उमगली आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे असं मी मानते.

घरातली माणसं आपल्या आजीकडे चार-पाच फुटांवरून बघतात. ती पाटावर बसलेली असते, समोर बोलत असते, हलत असते. तेवढ्या अंतरावरून खोल घड्या दिसतात, बाकीचं जाळं त्वचेच्या पोतात मिसळून जातं. आपण मात्र फोटो दोन बोटांनी ताणून डोळ्याचा कोपराच सबंध पडद्याएवढा करतो आणि तिथल्या सतरा सुरकुत्या इमानेइतबारे मोजून काढतो. त्या सतराही खऱ्या आहेत, पण त्या अंतरावरून आजीला कुणीच पाहिलेलं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांशिवाय. म्हणून चित्र खोटं वाटतं. प्रामाणिकपणा मोजदादीत नसतो. फोटो वापरायचाच असेल तर चेहरा प्रत्यक्ष चित्रात जेवढा काढायचा आहे तेवढाच ठेवा आणि मोठा करू नका. जे तेवढ्यात दिसत नाही ते काढू नका.

फोटोबद्दल अजून दोन-तीन गोष्टी. सौंदर्य वाढवणारी सोय बऱ्याच फोनमध्ये आपोआप चालू असते, ती बंद करून घ्या. नाहीतर आधी फोन सुरकुत्या पुसतो आणि मग आपण अंदाजाने नव्या काढतो. हातभर अंतरावरून फोटो काढला तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात, म्हणून सहा-सात फूट मागे जाऊन दुप्पट झूम करून काढायचा. समोरून फ्लॅश मारला की दऱ्या आणि वरंबे दोन्ही उजळतात आणि हाती फक्त काळ्या फटी उरतात, म्हणजे नेमक्या रेषाच. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर त्वचेचा पोत वाटेतच जातो.

प्रत्यक्ष बसवून काढता आलं तर सगळ्यात चांगलं. उत्तरेकडची खिडकी मिळाली तर तिच्याजवळ बसवा, तिथे वर्षाचा बराच काळ ऊन थेट येत नाही आणि उजेड फार वेळ स्थिर राहतो. उजेड थोडा वरून आणि एका बाजूने यावा. अगदी कडेने आला तर प्रत्येक चुणी खंदकासारखी दिसते. डोक्यावरची ट्यूबलाइट असेल तर ती बंदच करा, तिच्यामुळे डोळे खड्ड्यात जातात आणि डोळ्यांखालच्या पिशव्या दुप्पट होतात. वीस मिनिटांहून जास्त एका जागी बसवू नका. माणूस थकला की मान पुढे झुकते आणि गळ्याच्या घड्या बदलतात. सुरुवातीला काढलेला गळा आणि तासाभराने समोर असलेला गळा वेगळा असतो. आणि कवळी असेल तर बसण्याआधीच ठरवून घ्या, घालून की काढून. कवळी काढली की नाक आणि हनुवटी जवळ येतात, ओठ आत जातात, खालचा सबंध चेहराच बदलतो. अर्ध्यात कुणी चहा प्यायला कवळी काढली तर चित्र बिनसलंच.

पेन्सिल आणि कागदाचं थोडक्यात सांगते. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि माती असते. माती जास्त तितकी पेन्सिल कडक आणि फिकट. म्हणून एचबी कितीही दाबली तरी एका मर्यादेपलीकडे गडद होत नाही, फक्त कागदात चर पडतो आणि चकाकी येते. सुरकुती गडद हवी असेल तर दाब वाढवू नका, पेन्सिल बदला, ४बी घ्या आणि तिला अलगद टेकवा. ब्लेडने तासून लांब टोक काढलेली पेन्सिल आडवी धरता येते, शार्पनरची येत नाही. कागद जरा दाणेदार कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद घ्या, चौरस मीटरला १५० ग्रॅमच्या पुढचा. गुळगुळीत कागदावर छटा बसत नाही, घसरते.

कागदाच्या सुरळीने किंवा बोटाने घासणं का टाळायचं? घासलं की ग्रॅफाइट कागदाच्या दाण्यांमध्ये जाऊन सगळे खळगे बुजवतं. त्वचा जिवंत दिसते ती या खळग्यांतून डोकावणाऱ्या पांढऱ्या कणांमुळे. ते बुजले की मेण. बोटाने तर नकोच. आपल्या दमट हवेत बोटांचा तेलकटपणा कागदावर राहतो आणि नंतर तिथे डाग उठतो, जो कुठल्याही खोडरबराने जात नाही. हाताखाली एक कोरा कागद ठेवायची सवय लावा.

चित्र आधीच ओरखड्यांनी भरलं असेल तर टाकून देऊ नका. मळता येणारा खोडरबर नुसता टेकवत टेकवत रेषा निम्म्या फिकट करा. वरून २बी आडवी धरून, रेषांच्या दिशेला काटकोनात, सलग छटा द्या. मग महत्त्वाच्या तीन ते पाच सुरकुत्या ठरवा आणि फक्त त्यांच्या उजेडाच्या किनारी उचला. बाकीच्या छटेखाली राहू द्या, त्या पोताचं काम करतील. दाबामुळे चर पडला असेल तर त्यात छटा शिरत नाही आणि पांढरी रेघ दिसत राहते. ती टोकदार पेन्सिलीने ठिपके देत भरावी लागते. वेळ लागतो, पण होतं.

त्या तीन ते पाच कोणत्या? इथे खरं तर चित्रकाराची नजर लागते. काही वर्षांपूर्वी एका घरातून वारलेल्या वडिलांचं चित्र काढायचं काम आलं. फोटो स्टुडिओत साफसूफ केलेला होता आणि घरच्यांचं म्हणणं, जरा तजेला आणा. मी कपाळ स्वच्छ ठेवलं, गाल भरले. चित्र नेल्यावर धाकटा मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "छान आहे, पण हे अण्णा नाही वाटत." मग त्यांनी जुने, साधे फोटो काढले. अण्णा शिंपीकाम करायचे. आयुष्यभर कापडाची रेघ बघताना उजवी भुवई वर जायची, म्हणून उजव्या बाजूच्या आठ्या डावीपेक्षा खोल आणि एक जास्त. सुई-दोरा ओठांच्या एका कोपऱ्यात धरायची सवय, म्हणून त्याच बाजूला ओठांवर चुण्या. मी दुसरं चित्र काढलं. कपाळावर उजवीकडे चार, डावीकडे तीन, आणि ओठाचा तो कोपरा. बाकी जवळपास काहीच बदललं नाही. ते चित्र त्यांच्या घरी भिंतीवर आहे.

तेव्हापासून मी चित्र सुरू करण्याआधी विचारते: काम काय करायचे? हसायचे कसे? चष्मा कधीपासून? दोन्ही बाजू सारख्या नसतात, आणि जिथे त्या सारख्या नाहीत त्याच सुरकुत्या आधी निवडायच्या.

आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या चेहऱ्यावर अजून एक गोष्ट असते, ती म्हणजे गोंदण. कपाळावर किंवा हनुवटीवर टिंबं, कधी उभी रेघ. हे काढताना पुष्कळ जण काळा ठिपका देतात आणि तो तीळ किंवा टिकली होऊन बसतो. गोंदणाची शाई कातडीच्या आत असते आणि वर्षानुवर्षं पसरत जाते, म्हणून त्याची कड कधीच धारदार नसते आणि रंग हिरवट निळा, विटलेला. बोथट एचबीने अलगद छटा द्या, खोडरबराने एकदा टेकवून कडा विरवा, आणि मग त्यावरून जाणारी आठी काढा, म्हणजे टिंब घडीत थोडं दुमडतं. कुंकू मात्र कातडीच्या वर बसतं. त्याची कड स्पष्ट हवी आणि छटा गोंदणापेक्षा गडद. दोन्ही एकाच कपाळावर असतील तर हा फरक दिसायलाच हवा. नाकाचं भोक चमकीच्या वजनाने लांबलेलं असतं, कानांत बुगडीची रिकामी भोकं असतात. तीही वयाचीच खूण आहे, आणि सुरकुतीइतकीच मोलाची.

राहिली शेवटची तक्रार: चित्र घरच्यांना पटतं, पण ज्यांचं काढलं त्यांनाच पटत नाही. "माझं तोंड असं वाकडं कुठंय?" याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. प्रत्येक जण स्वतःला आरशात बघत आलेला असतो, म्हणजे डावं उजवीकडे. आपण सुरकुत्या जशा आहेत तशा, असमान, काढल्या की त्यांच्या नजरेला त्या भलत्याच बाजूला दिसतात.

मागच्या दिवाळीत मी माझ्या आत्याचं चित्र काढलं. ती ८४ वर्षांची आहे. सकाळी पडवीत तीन वेळा वीस-वीस मिनिटं बसली, मध्ये उठून दूध बघून आली. काढून झाल्यावर तिने चित्र हातात घेतलं. सुरकुत्यांबद्दल एक शब्द नाही. कपाळावर बोट ठेवून म्हणाली, "गोंदण चुकीच्या अंगाला काढलंस गं." तिचं टिंब मधोमध नाही, एका भुवईकडे सरकलेलं आहे. मी तिला आत कपाटाच्या आरशापाशी नेलं आणि चित्र तिच्या गालाशी धरलं. आरशात दोन चेहरे शेजारी शेजारी. ती दोन्हींकडे आलटून पालटून बघत राहिली, भुवई उंचावली, तिच्या आठ्या हलल्या, कागदावरच्या नाही हलल्या.

"हां," ती म्हणाली, "आता बरोबर हाय. पण ही खालची बारीक घडी ऱ्हायली बघ." आणि हनुवटीच्या डावीकडे बोट ठेवलं. राहिली होती. मी पेन्सिल घेऊन आले.